झाडाशी खुशाल बोला, पण कुंडीचं भोक तपासा

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग वर्षानुवर्षं फिरतो आहे. कोल्हापूरही त्याला अपवाद नाही. दोन कप, दोन्हींत मूग किंवा मेथी. एकावर चिठ्ठी 'प्रेमाचे शब्द', दुसऱ्यावर 'रागाचे शब्द'. पंधरा दिवस एका कपाशी गोड बोलायचं आणि दुसऱ्याला शिव्या घालायच्या. प्रदर्शनाच्या दिवशी पहिला कप हिरवागार, दुसरा मलूल, आणि मागच्या फलकावर मोठ्या अक्षरात निष्कर्ष: वनस्पतींना भावना कळतात. पालक भारावतात, परीक्षक पाठ थोपटतात आणि पोरगं एक चुकीची गोष्ट विज्ञान म्हणून घरी घेऊन जातं.

घरातल्या झाडांशी बोलण्यात काहीही गैर नाही. पण झाड त्या शब्दांमुळे वाढतं असं मुलांना शिकवू नये, आणि झाड मेलं तर घरातल्या बाईच्या हातगुणावर खापर फोडू नये. या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात. वाढीचं श्रेय किंवा मरण्याचा दोष एकदा शब्दांना दिला, की ऊन, पाणी, माती आणि मुळं तपासायची राहून जातात. झाडं मरतात ती तिथे.

आधी त्या दोन कपांचं बघू. एकाच पुडीतले, एकाच दिवशी पेरलेले दहा मूग घेतले तरी दहाव्या दिवशी त्यांच्या उंचीत सहज दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडतो. कारण दाणा लहान-मोठा असतो, खोल-उथळ पडतो, माती कुठे दबलेली असते. म्हणजे एक कप विरुद्ध एक कप अशी तुलना करून काहीच कळत नाही. त्यात पाणी घालणाऱ्या मुलाला कोणता कप 'प्रेमाचा' ते ठाऊक असतं. तो कप नकळत खिडकीजवळ सरकतो, त्याला पाणी वेळेवर मिळतं. मूल खोटं बोलत नसतं. त्याला निकाल आधीच माहीत असतो, एवढंच.

आणखी एक मोठी चूक म्हणजे उंचीलाच वाढ समजणं. अंधारात उगवलेला मूग उजेडातल्या मुगापेक्षा उंच होतो. उजेड शोधायला तो दाण्यातली सगळी पुंजी खोडात घालतो. खोड लांब, पांढुरकं, लेचंपेचं आणि पानं बारीक. पट्टीने मोजलं तर तोच पहिला येईल. म्हणून रोपाची वाढ मोजायची तर वाळवलेलं वजन घ्यावं लागतं.

हा प्रयोग शाळेत बंद करा असं मी म्हणणार नाही, तो नीट करा म्हणेन. खर्च फारसा येत नाही. चहाचे साठ कागदी कप घ्या, तळाला दाभणाने तीन-तीन भोकं पाडा. एकाच ढिगातली चाळलेली माती एकाच मापाने भरा. प्रत्येक कपात दोन मूग एक सेंटीमीटर खोल टाका, उगवल्यावर एक उपटा. सातव्या दिवशी साठांतली फार पुढे गेलेली आणि फार मागे राहिलेली रोपं बाजूला काढा आणि सारखी दिसणारी चाळीस ठेवा. आता चिठ्ठ्या टाकून वीस-वीसचे दोन गट करा. डोळ्यांनी निवडून करू नका, डोळा पक्षपात करतो. कपांवर नुसते आकडे लिहा. कोणता आकडा कोणत्या गटात ते एका वहीत, आणि ती वही शिक्षकांच्या कपाटात.

पाणी औषधाच्या टोपणाने मोजून, दिवसाआड 20 मिलिलिटर. सगळे कप एकाच खिडकीत, आणि रोज त्यांची जागा फिरवायची, कारण खिडकीच्या दोन टोकांनाही उजेड सारखा नसतो. बोलायच्या वेळी पहिला गट दुसऱ्या खोलीत न्यायचा आणि एका मुलाने रोज दहा मिनिटं त्याच्याशी बोलायचं. मग दुसरा गट त्याच खोलीत न्यायचा आणि त्याच मुलाने तेवढाच वेळ, तेवढ्याच अंतरावर गप्प बसायचं. ही पायरी गाळली तर फरक आवाजाचा, श्वासाचा की खोली बदलल्याचा, हे सांगता येणार नाही. एकविसाव्या दिवशी रोपं मातीलगत कापायची, पाच-पाचच्या जुड्या बांधून वर्तमानपत्रात ठेवायच्या आणि वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवायच्या. कापणारा आणि तोलणारा असा निवडायचा की ज्याला गट माहीत नाहीत. वजन इतकं कमी भरतं की किराणा दुकानातला काटा हलणार नाही. गुजरीतल्या एखाद्या सराफाला विनंती केली तर सोन्याच्या काट्यावर आठ जुड्या दहा मिनिटांत तोलून होतात. एकाच गटातल्या चार जुड्यांमध्ये जेवढा फरक आहे, तेवढाच किंवा त्याहून कमी फरक दोन गटांच्या सरासरीत दिसला, तर फरक नाही असं लिहायचं. आणि 'फरक नाही' असा फलक लावणाऱ्या मुलाला बक्षीस द्यायची हिंमत परीक्षकांनी दाखवायला हवी.

मोठमोठ्या लोकांचे प्रयोगही या कसोटीवर लंगडे पडतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेने 2009 मध्ये विस्ली इथल्या बागेत टोमॅटोच्या रोपांना महिनाभर माणसांचे आवाज ऐकवले. कुंडीला हेडफोन लावून दहा जणांचं वाचन चालू ठेवलं होतं. बायकांच्या आवाजातली रोपं पुरुषांच्या आवाजातल्या रोपांपेक्षा सरासरी एक इंच उंच झाली, आणि चार्ल्स डार्विन यांची खापरपणती सारा डार्विन यांचं रोप सगळ्यांत उंच निघालं. बातमी जगभर गेली. पण एका आवाजाला एक रोप, आणि मोजमाप उंचीचं. टोमॅटोच्या रोपांत इंच-दोन इंचांचा फरक कुणी न बोलताही पडतो. ती एक चांगली करमणूक होती, आणि ती तेवढीच समजावी.

2018 मध्ये एका फर्निचर कंपनीने संयुक्त अरब अमिरातीतल्या एका शाळेत दोन झाडं ठेवली. मुलांनी तीस दिवस एकाचं कौतुक केलं आणि दुसऱ्याला टाकून बोलले. दुसरं सुकलं. मुलांनी एकमेकांना छळू नये हा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण ती जाहिरात-मोहीम होती. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना तिचं 'संशोधन' झालं. दुसऱ्याला टाकून बोलू नये हे मुलांना पटवायला झाडाची साक्ष कशाला लागते? ज्याला बोललं जातं ते पोर समोरच उभं असतं.

त्याहून जुनं प्रकरण क्लीव्ह बॅक्स्टर या अमेरिकी खोटं-पकड तज्ज्ञाचं. 1966 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ड्रॅसिना या शोभेच्या झाडाच्या पानाला खोटं पकडायचं यंत्र लावलं आणि झाडाला माणसाच्या मनातलं कळतं असा दावा केला. जिवंत कोळंबी उकळत्या पाण्यात टाकली तरी शेजारचं झाड हादरतं, असंही त्यांचं म्हणणं होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी तो प्रयोग काटेकोरपणे पुन्हा केला. 1975 मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले: झाडाने दखल घेतल्याचं काही दिसलं नाही. आपल्याकडे याच ओघात जगदीशचंद्र बोस यांचं नाव घेतलं जातं, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. बोस यांनी क्रेस्कोग्राफ बनवून झाडाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवली. उष्णता, विष, विजेचा धक्का यांना वनस्पती काय प्रतिसाद देतात ते मोजलं. हे काम एवढं मोठं आहे की त्याला 'झाडांना गोड बोललेलं कळतं' असली पुस्ती जोडायची गरज नाही.

मग सुशिक्षित घरांतून येणारा युक्तिवाद असतो: बोलताना आपण कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो झाडाला मिळतो. आकडे मांडले की हा मुद्दा निकालात निघतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण 34,000 लिटर हवा. बसल्या जागी बोलणारा माणूस दहा मिनिटांत दोन-तीन लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दारं-खिडक्या गच्च बंद असल्या तरी खोलीतलं प्रमाण 0.04 टक्क्यांवरून जेमतेम 0.05 वर जाईल, आणि खिडकी उघडताच पहिल्यासारखं होईल. गप्प बसून पेपर वाचणाराही श्वास सोडतोच. शिवाय घरातल्या झाडाला कमी पडतो तो उजेड. उजेड अपुरा असेल तर वाढीव कार्बन डायऑक्साइडचा त्याला फारसा उपयोग करता येत नाही.

म्हणजे झाडं बहिरी असतात का? नाही, आणि इथेच विषय खरा रंगतो. मिसुरी विद्यापीठात 2014 मध्ये दाखवण्यात आलं की मोहरीच्या कुळातल्या अराबिडोप्सिस या छोट्या रोपाला अळीच्या कुरतडण्याची नुसती कंपनं पानावर दिली, अळी न सोडता, तर पुढे खरी अळी आल्यावर ते रोप मोहरीच्या तिखट तेलासारखी संरक्षक द्रव्यं जास्त तयार करतं. वाऱ्याची किंवा दुसऱ्या निरुपद्रवी किड्याच्या आवाजाची कंपनं दिली तर करत नाही. तेल अवीव विद्यापीठातल्या लिलाख हदानी यांच्या गटाने 2019 मध्ये समुद्रकाठच्या एका पिवळ्या फुलाला मधमाशीच्या उडण्याचा आवाज ऐकवला. तीन मिनिटांत त्याच्या मधुरसातली साखर वाढून 20 टक्क्यांवर गेली, एरवी ती 12 ते 17 टक्के असते. त्याच गटाने 2023 मध्ये उलटी बाजू दाखवली: तहानलेलं किंवा कापलेलं टोमॅटोचं आणि तंबाखूचं रोप तासाला तीस ते पन्नास टिकटिक आवाज काढतं, पण ते आपल्या कानांच्या पल्ल्याबाहेरचे. निरोगी रोप तासाभरात एकदाही क्वचित.

म्हणजे ज्या कंपनांवर झाडाचं जगणं-मरणं अवलंबून आहे, ती त्याला कळतात. अळी, माशी. माणसाच्या भाषेला त्यात जागा नाही, कारण तिने झाडाचं काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. हातभर अंतरावरून साध्या आवाजात बोललं तर हवेच्या दाबात होणारा बदल मूळ दाबाच्या एक कोटी भागांतल्या जेमतेम काही भागांएवढा असतो. खिडकीतून येणारी झुळूक पान त्याहून कितीतरी जोरात हलवते.

गच्चीवर टोमॅटो आणि वांगी लावणाऱ्यांना मात्र कंपनांचा रोकडा फायदा घेता येतो. या दोन्ही फुलांचे परागकोश मिटलेल्या नळीसारखे असतात आणि पराग टोकाच्या बारीक फटीतून बाहेर पडतो. भुंगा आणि काही रानमाश्या फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात, तेव्हा तो झडतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. चौथ्या-पाचव्या मजल्यावर भुंगे फिरकत नसतील तर फूल येतं, देठापासून पिवळं पडून गळतं, फळ धरत नाही, आणि माणूस खत वाढवत बसतो. फुलं उमललेली असताना सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, हवा कोरडी असताना, घोसाच्या देठाला मागून टिचकी मारा. बॅटरीवरचा टूथब्रश असेल तर तो चालू करून देठाला दोन-तीन सेकंद टेकवा. दिवसाआड. पावसाच्या दिवसांत पराग ओला होऊन चिकटतो, तेव्हा याचा गुण कमी येतो.

गोंजारण्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. बोलता बोलता पानांवरून हात फिरवण्याची सवय अनेकांना असते. मार्क जाफी यांनी 1973 मध्ये दाखवून दिलं की वारंवार स्पर्श झालेली रोपं बुटकी आणि जाड खोडाची होतात. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात 2018 मध्ये तर असं दिसलं की स्पर्शानंतर अर्ध्या तासात रोपाच्या दहा टक्के जनुकांचं काम बदलतं आणि सतत स्पर्शाने वाढ 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते. मिरची-टोमॅटोची रोपं कोवळेपणी लांबोडकी होत असतील तर हा गुण कामाला येतो: दिवसातून दोनदा शेंड्यांवरून तळहात हलकेच दहा-बारा वेळा फिरवला की खोड भरतं. फर्न आणि कॅलेथियाला हात न लावलेलाच बरा.

आता घरात झाडं कशाने मरतात ते. कोल्हापुरात बहुतेक झाडं जून ते सप्टेंबरमध्ये जातात, आणि जातात ती पाण्याने. तेही तहानेने नव्हे. पावसाळी ढगांनी उजेड कोंदतो. पेठेतल्या जुन्या घराच्या सोप्यात, खिडकीपासून आठ-दहा फूट आत, भर दुपारीही उजेड शे-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो. उघड्या उन्हात तो लाखाच्या घरात असतो. मोबाइलवर लक्स मोजायचं मोफत अ‍ॅप मिळतं, ते कुंडीच्या जागी धरून बघा. मनीप्लँटला पाचशेच्या वर आकडा हवा, तरच तो नुसता तग धरण्याऐवजी नवी पानं काढतो. उजेड कमी म्हणजे झाड पाणी कमी पितं, हवा दमट म्हणजे माती वाळत नाही, आणि आपण मात्र उन्हाळ्याच्या सवयीने रोज ग्लासभर ओततो. मुळांना हवा मिळत नाही, ती तपकिरी होतात, वास येतो. वर पानं पिवळी पडून लोंबतात, म्हणजे तहानलेल्या झाडासारखीच दिसतात. मग आणखी पाणी.

बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. आठ इंची कुंडी पाणी घातल्यावर उचलून बघा आणि तीन दिवसांनी पुन्हा उचला. वजनाचा अंदाज हाताला लवकर येतो. पाणी द्यायचं तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्यायचं आणि अर्ध्या तासाने बशीतलं ओतून टाकायचं. स्नेक प्लँटला पावसाळ्यात तीन आठवड्यांतून एकदा पुरतं.

माती हा आपल्याकडचा दुसरा घोळ. नदीकाठची काळी माती कुंडीत घातली की ओली असताना चिखल आणि वाळली की कडेने भेगा. पाणी त्या भेगांतून थेट खाली जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. पन्हाळा-जोतिबाकडची तांबडी माती बरी, पण एकटी घातली तर दोन पावसाळ्यांत दगडासारखी बसते. चार भाग तांबडी माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग भाताचं तूस, एक भाग जाड वाळू. तूस भात गिरणीवर सहज मिळतं. ते अर्धवट जाळून काळं करून घातलं तर जास्त टिकतं. साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, वापरायची असेल तर ती पूर्ण कुजलेलीच घ्या. ताजी प्रेसमड कुंडीत तापते आणि मुळं भाजते.

तुळशीचं थोडं वेगळं सांगावं लागेल. झाडाशी बोलायची आपली सगळ्यांत जुनी रीत तुळशीपाशीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या बायका तिच्याजवळ ओव्या म्हणत आल्या, मनातलं सांगत आल्या. ते बोलणं तुळस वाढावी म्हणून नव्हतं, मन हलकं व्हावं म्हणून होतं, आणि त्याला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. पण तुळस जळाली की 'घरात काहीतरी बरं नाही' असं म्हणतात आणि सुनेकडे बघतात, ते थांबायला हवं. तुळस जळते त्याची कारणं वृंदावनातच सापडतात. सिमेंटच्या तयार वृंदावनाला बऱ्याचदा तळाशी भोकच नसतं. त्यात रोज तांब्याभर पाणी, पावसाळ्यातही. वर हळदकुंकू, दूध, आणि खोडाला खेटून निरांजन. दूध नासून मातीत बुरशी धरते, हळदकुंकवाचा थर पृष्ठभाग बंद करतो, ज्योतीने खोडाची साल करपते.

वृंदावनाच्या तळाला ड्रिलने अर्ध्या इंचाचं भोक पाडून घ्या, नाहीतर भोकाची प्लॅस्टिकची कुंडी आत बसवा. हळदकुंकू वृंदावनाच्या कट्ट्याला वाहा, दिवा हातभर लांब ठेवा. पावसाळ्यात पळीभर पाणी घातलं तरी नेम मोडत नाही. रोज पाच-सहा तास ऊन हवं. आणि मंजिऱ्या खुडत राहा: बी धरलं की तुळशीचा जोर बियांत जातो, खोड लाकडासारखं होतं, पानं बारीक पडतात. हिवाळ्यात कोल्हापूरच्या थंड रात्रींत तिची वाढ मंदावतेच, तेव्हा खत घालून ती सुधारत नाही. थोड्या मंजिऱ्या मात्र झाडावर वाळू द्या. पुढच्या वर्षीची रोपं त्यातूनच येतात, कारण तुळस दोन-तीन वर्षांत म्हातारी होणारच.

एवढं सगळं सांगूनही झाडांशी रोज बोलणाऱ्यांची झाडं बऱ्याचदा खरोखर चांगली असतात, हे मी मान्य करतो. बोलायला माणूस झाडाजवळ जातो, वाकतो, पान उलटून बघतो, आणि जास्वंदीच्या शेंड्यात पांढऱ्या कापसाचा पहिला ठिपका त्याला दिसतो. तो पिठ्या ढेकूण. बोलणारा नसेल त्याला तो तीन आठवड्यांनी दिसतो, सगळा शेंडा चिकट आणि वेडावाकडा झाल्यावर. खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली तर वर पिठ्या किंवा मावा आहे असं धरून चाला; त्यांच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. एखाद-दुसरा ठिपका असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून घ्या. जास्त असेल तर शेंडा कापून पिशवीत बांधून टाका, आणि एक लिटर कोमट पाण्यात आधी दोन मिलिलिटर भांड्याचा पातळ साबण, मग पाच मिलिलिटर निंबोळी तेल घालून पांढरं होईपर्यंत ढवळा. तेल आधी घातलं तर ते वर तरंगतं आणि पानं जाळतं. ऊन उतरल्यावर पानांच्या खालून आणि पेरांच्या बेचक्यांत फवारा. सात दिवसांनी पुन्हा, आणि त्यानंतर सात दिवसांनी तिसऱ्यांदा, कारण पहिल्या फवाऱ्यात अंडी मरत नाहीत.